दोन भाषांची मुद्रा : कॅलिफोर्नियाच्या इतिहासातून सीमाभागाने घ्यावयाचा बोध

माणसे जागच्या जागी राहतात आणि सीमा त्यांच्यावरून सरकते, हा अनुभव केवळ आपल्याच वाट्याला आला असे नाही. 1848 च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला आणि तेथील स्पॅनिश भाषक आपल्याच गावात भाषिक अल्पसंख्य होण्याच्या वाटेला लागले. 1849 च्या पहिल्या राज्यघटनेने सर्व कायदे इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले होते. 1879 च्या घटनेने ते काढून टाकले आणि शासनव्यवहार केवळ इंग्रजीत चालेल असे ठरविले. तीस वर्षांत एक आश्वासन पुसले गेले.

पुढचा संघर्ष शाळेच्या अंगणात झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील सुमारे 1,800 चिनी वंशाच्या मुलांना न समजणाऱ्या इंग्रजीत शिकविले जात होते आणि त्यांना कोणतेही भाषिक साहाय्य मिळत नव्हते. ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात 1974 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सर्वांना तीच इमारत, तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही. परंतु 1998 साली ‘प्रस्ताव 227’ लोकमताने संमत झाला आणि मातृभाषेच्या साहाय्याने शिकविणाऱ्या द्विभाषिक वर्गांवर कठोर निर्बंध आले.

या पराभवानंतर तेथील कार्यकर्त्यांनी निवडलेला मार्ग आम्हांस विशेष मननीय वाटतो. निर्बंधांना त्यांचा विरोध होताच. पण ज्या मुलांना शासन ‘इंग्रजी न येणारी’ म्हणून मोजत होते, त्यांना ‘दोन भाषा येणारी’ म्हणून मोजावे, अशी मागणी ‘कॅलिफोर्नियन्स टुगेदर’ या संघटनेने पुढे आणली. मूल तेच, फक्त मोजण्याची रीत बदलली. 2011 साली विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला आणि 2012 पासून ‘सील ऑफ बायलिटरसी’, म्हणजेच द्विभाषा-साक्षरतेची मुद्रा, शालान्त प्रमाणपत्रावर उमटू लागली. न्यूयॉर्कसह इतर राज्यांनीही हा मार्ग स्वीकारला.

ही मुद्रा शोभेची नाही. कॅलिफोर्नियाच्या मूळ कायद्यानुसार विद्यार्थ्याला इंग्रजीतील विहित पात्रता सिद्ध करावी लागे. शिवाय दुसऱ्या भाषेतील प्रावीण्य मान्यताप्राप्त परीक्षेने किंवा चार वर्षांच्या अभ्यासक्रमाने दाखवावे लागे. ती भाषा घरची असो वा वर्गात शिकलेली, भेद नाही. खुणांच्या भाषेलाही स्थान आहे. 2016 साली ‘प्रस्ताव 58’ ने 1998 चे बहुतेक निर्बंध उठविले, तेव्हा ही मुद्रा सुरू होऊन चार वर्षे झाली होती. एका मुद्रेने लोकमत पालटले असे आम्ही म्हणणार नाही. तथापि दोन भाषा हे ओझे नसून कमाई आहे, ही भावना रुजविण्यात तिचा वाटा असावा, असे आम्हांस वाटते.

आता आपल्याकडे पाहू. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम 350 अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्यास सांगते, पण ते प्राथमिक टप्प्यापुरतेच. बेळगाव, निपाणी वा खानापूरचा मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो, आणि शाळेत या दोन्हींसह इंग्रजी वा हिंदी शिकतो. दहावीच्या गुणपत्रिकेत या भाषा प्रथम, द्वितीय, तृतीय विषय म्हणून सुट्या सुट्या छापल्या जातात. एकाच मुलाने त्या सर्व आत्मसात केल्या, याची नोंद कोठेही नाही. उलट कन्नड बोलताना त्याचे उच्चार हेरले जातात आणि मराठी बोलताना त्याची निष्ठा.

हक्काच्या मराठी शाळा, मराठीतील कागदपत्रे आणि सीमाप्रश्नाचा न्याय्य निवाडा या आपल्या मागण्या कायम आहेत. कोणतीही मुद्रा त्यांची जागा घेऊ शकत नाही. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक मागणी आम्ही मांडू इच्छितो. मराठीसह आणखी एका भाषेत प्रावीण्य दाखविणाऱ्या विद्यार्थ्याच्या शालान्त प्रमाणपत्रावर तशी अधिकृत नोंद व्हावी. ती बेळगावात व्हावी, तशीच गोवा, इंदूर, बडोदा आणि हैदराबाद येथेही व्हावी. महाराष्ट्रानेही आपल्या हद्दीतील कन्नड, तेलुगू, गुजराती व उर्दू भाषक मुलांना हाच मान द्यावा. जे आपण मागतो ते देण्याची तयारी असेल, तरच आपल्या मागणीला नैतिक बळ येईल.