कल्याणचा इराणी बिशप आणि मनातलं पाप

इसवी सन ५५०च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक जाडजूड ग्रंथ लिहिला. पृथ्वी सपाट आहे हे धर्मग्रंथांच्या आधाराने सिद्ध करणं हा त्याचा हेतू. पण हा माणूस तांबड्या समुद्रापलीकडच्या व्यापारात वावरलेला होता, त्यामुळे मूळ मुद्दा सोडून त्याने बंदरांची बरीच माहिती लिहून ठेवली. त्यात तो सांगतो की मिरी पिकते त्या मले प्रांतात ख्रिस्ती मंडळी आहे; आणि कल्लियाना नावाच्या ठिकाणी तर बिशपही आहे, त्याची नेमणूक इराणातून होते.

नुसता मनात आलेला विचार ख्रिस्ती धर्मात पाप ठरतो का, या प्रश्नाचा आपल्या भागातला इतिहास साधारणपणे पोर्तुगिजांपासून सांगतात. १५३४ साली वसई आणि साष्टी त्यांच्याकडे गेली, ठाण्यात चर्चं उभी राहिली, पापनिवेदन आलं, आणि त्याबरोबर मनातल्या पापाची कल्पना आली. कॉस्मसच्या त्या एका नोंदीने हा हिशेब हजार वर्षं मागे जातो. माझं म्हणणं असं, की मनातल्या पापाचा विचार पोर्तुगीज जहाजं येण्याच्या कितीतरी आधी, इराणी बिशपाबरोबर उल्हास नदीच्या मुखातून कल्याणला उतरला होता.

मला थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. कॉस्मसने आपल्या गुरूचं नाव दिलं आहे: पात्रिकिओस. हा गुरू पुढे इराणच्या ख्रिस्ती मंडळीचा कॅथोलिकोस, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुख झाला. सुरियानी भाषेत त्याचं नाव मार अबा, आणि पदावरचा काळ ५४० ते ५५२. हा मार अबा जन्माने ख्रिस्ती नव्हता. तो जरथुश्त्री होता, सरकारी नोकरीत होता आणि मोठेपणी त्याने बाप्तिस्मा घेतला. सम्राट पहिल्या खुस्रोच्या काळात धर्म सोडल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि त्याला अझरबैजानात हद्दपार व्हावं लागलं. सुविचार, सुवचन, सुकृत्य ही त्रयी लहानपणापासून ऐकलेला माणूस त्या मंडळीच्या गादीवर होता, आणि त्याच मंडळीचा बिशप कल्याणात बसत होता.

इथे कुणीही विचारेल, कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण कशावरून? हरकत योग्य आहे. काही अभ्यासकांनी ते केरळातलं कोल्लम मानलं, काहींनी उडुपीजवळचं कल्याणपूर. कोल्लमच्या बाजूने पुरावा वजनदार दिसतो. केरळात पहलवी लेख कोरलेले क्रूस आहेत आणि कोल्लमच्या ८४९ सालच्या ताम्रपटावर पहलवी लिपीत साक्षीदारांच्या सह्या आहेत. पण हा ताम्रपट कॉस्मसनंतर तीनशे वर्षांचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॉस्मस मले आणि कल्लियाना वेगवेगळे मोजतो. कोल्लम तर मिरीच्या मुलखातच येतं. तिथला बिशप त्याने मलेच्या बाहेर का काढला असता?

उडुपीच्या कल्याणपूरचं उत्तर त्याच ग्रंथात पुढे सापडतं. तिथे तो पश्चिम किनाऱ्यावरच्या बाजारपेठा क्रमाने देतो: सिंदू, ओर्‍होथा, कल्लियाना, सिबोर, आणि मग मलेची पाच बंदरं, त्यात मंगरूथ. सिंदू म्हणजे सिंधूचं मुख, मंगरूथ म्हणजे मंगळूर, याबद्दल फारसा वाद नाही. यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे चालली आहे. सिबोर हे चौल. टॉलेमीचं सिमुल्ला आणि अरबांचं सैमूर तेच. चौलच्या आधी येणारं कल्लियाना उडुपीला कसं असेल? शिवाय तो कल्लियानातून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं असं लिहितो, आणि पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये हेच कल्लिएना सातवाहनांच्या काळातलं बंदर म्हणून येतं. माझ्यापुरता हा वाद संपला आहे.

आता त्या त्रयीकडे. विचार, उच्चार आणि आचार. लॅटिन मिस्सेच्या आरंभीच्या पापकबुलीत माणूस म्हणतो की मी विचाराने, शब्दाने आणि कृतीने पाप केलं. १९७०च्या मिस्साग्रंथात त्यात चौथी भर पडली, करायचं ते न केल्याची. तीन पायऱ्यांची ही मांडणी शुभवर्तमानांत अशी सलग कुठेही नाही. जरथुश्त्री धर्मात मात्र ती गाथांपासून आहे, आणि पारशांच्या 'पतेत' या पश्चात्तापाच्या प्रार्थनेत विचाराने, वाणीने, कृतीने घडलेल्या पापांची कबुली आहे. म्हणून मी म्हणतो, पापकबुलीचा हा साचा इराणी असावा. यावर उलट दावाही करता येतो: गाथा जुन्या असल्या तरी पतेतचे आजचे पाठ पाझंदमधले, म्हणजे अवेस्ता लिपीत लिहिलेल्या मध्य-फारसीतले, बरेच उशिराचे, मग पापकबुलीची पद्धत पारशांनीच ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून घेतली नसेल कशावरून? घेतली असेलही. पण पद्धत घेतली तरी तिच्यातली त्रयी त्यांच्या घरचीच होती, हे कुणाला नाकारता येणार नाही.

यापेक्षा अवघड प्रतिस्पर्धी आपल्याच घरात आहे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात पापं तीन गटांत आहेत: मनाची तीन, वाणीची चार, देहाची तीन. मनाची तीन कोणती? दुसऱ्याच्या धनाची अभिलाषा, दुसऱ्याचं वाईट चिंतणं, आणि खोट्या मताला चिकटून राहणं. बौद्धांच्या दहा अकुशल कर्मपथांत मनाची तीन जवळजवळ हीच: लोभ, द्वेष, मिथ्या दृष्टी. उपाली सुत्तात तर यावर थेट वाद आहे. निर्ग्रंथांचं, म्हणजे जैनांचं, म्हणणं देहाचं पाप सर्वांत जड, बुद्धांचं म्हणणं मनाचं. आणि कल्याण हे बौद्धांचं गाव. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नावं जागोजाग आहेत. म्हणजे इराणी बिशप आला तेव्हा मनाने पाप घडतं हे कल्याणकरांना पाठ होतं. भाषाशास्त्रज्ञ म्हणतील की मनस्, वचस् आणि कर्म ही भारतीय आणि इराणी लोकांची सामाईक वडिलोपार्जित ठेव आहे, कुणी कुणाकडून घेतलेली नाही. हे मला मान्य आहे, आणि त्याने माझ्या मताला धक्का बसत नाही. ख्रिस्ती शिकवण इथे परकी वाटली नाही याचं कारणच ते असणार.

रोमची बाजू मात्र मान्य करायलाच हवी. मनातल्या पापाची मूळ शिकवण ख्रिस्ती आहे, इराणी नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की परस्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथाची सुरुवातच या प्रश्नाने होते. हर्मास टायबर नदीत स्नान करून निघणाऱ्या आपल्या जुन्या मालकिणीला, ऱ्होडाला, हात देतो आणि अशी बायको मिळाली असती तर किती बरं, असं त्याच्या मनात येतं. एवढंच. पुढे ती दृष्टान्तात येऊन त्याच्यावर आरोप ठेवते. तो म्हणतो, मी कधी वावगं बोललो का? ती म्हणते, दुष्ट इच्छा मनात आलीच ना. ख्रिस्ती साहित्यात या प्रश्नाची इतकी उघड चर्चा याआधीची माझ्या वाचनात नाही, आणि हर्मासची बाजू मला अजूनही खरी वाटते. यहुदी परंपराही बरीचशी त्याच्या बाजूची आहे. लोभ धरू नको ही आज्ञा तिच्यात आहेच, पण तालमूदमध्ये असंही सांगितलं आहे की देव चांगला विचार कृतीच्या खात्यात जमा करतो, वाईट विचार करत नाही, अपवाद मूर्तिपूजेचा.

मग नुसता विचार पाप की नाही, याचा निकाल कसा लागला? उसनवारीने, आणि तीही ख्रिस्ताशी संबंध नसलेल्या स्टोइक तत्त्वज्ञांकडून. त्यांच्यातला सेनेका लिहितो की रागाच्या आधी एक झटका येतो, चेहरा पांढरा पडतो, अंगावर काटा येतो. तो आपल्या हातात नाही, म्हणून तो राग नव्हे. मनाने होकार दिला की राग. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ऑरिजेनने या पहिल्या झटक्याला वाईट विचारांशी जोडलं, आणि सगळा घोटाळा तिथे झाला. अंगावरच्या काट्याला कुणी दोष देत नाही. विचार म्हटला की लगेच प्रश्न येतात: तो रेंगाळला का? त्यात गोडी वाटली का? होकार दिला का?

हा धागा रिचर्ड सोराबजींनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उलगडला. हे लंडनचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचे भाचे. रिचर्ड यांचे आजोबा, रेव्हरंड सोराबजी खर्सेटजी, पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले. मार अबानंतर तेरा शतकांनी तीच वाट चाललेल्या माणसाच्या नातवाने मनातल्या पापाची वंशावळ लिहावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

ऑरिजेनचा वारसा इवाग्रियसकडे आला. मृत्यू ३९९, इजिप्तच्या वाळवंटातला तपस्वी. त्याने आठ विचार मोजले: खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, मरगळ, बडेजाव आणि अहंकार. आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत दिलासा देणारा नियम त्याने घालून दिला: हे विचार आपल्याला छळतील की नाही हे आपल्या हाती नाही, ते मुक्काम करतील की नाही हे आहे. पश्चिमेकडे हे कॅसियन या मठवासी लेखकाने नेलं आणि पोप थोरल्या ग्रेगरीने आठाची सात महापापं केली. ऑगस्टीनने स्वतंत्रपणे तीन पायऱ्या दिल्या: सुचणं, गोडी वाटणं, संमती. बाराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ अबेलार्ड तर म्हणाला की पाप सगळं संमतीतच आहे, कृतीने त्यात काही भर पडत नाही.

पूर्वेला वेगळं घडलं. ५५३च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेच्या सुमारास ऑरिजेनबरोबर इवाग्रियसही दोषी ठरला, आणि ग्रीकमध्ये त्याची काही पुस्तकं दुसऱ्यांच्या नावावर जगली. सुरियानीत मात्र ती त्याच्याच नावाने मानाने वाचली गेली. इराणी मंडळीचा मोठा धर्मपंडित बाबाई, मृत्यू ६२८, याने त्याच्यावर भाष्य लिहिलं. कल्याणचा बिशप याच मंडळीचा. त्याच्या बोलण्यात ते आठ विचार असणारच, असं मी धरून चालतो. त्याचं प्रार्थनापुस्तक कल्याणात सापडलेलं नाही. केरळातही १५९९च्या उदयंपेरूर धर्मसभेने सुरियानी ग्रंथ जाळायला लावल्यावर अशा पुराव्याची वाट बंद झाली.

पण ठाण्यात एक धागा हाती लागतो. १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती, चौघे फ्रान्सिस्कन पंथाचे, ठाण्यात उतरले ते एका नेस्टोरियन, म्हणजे इराणी मंडळीच्या ख्रिस्ती कुटुंबात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते तिथे मारले गेले, आणि पुढे त्यांच्याच पंथाचा ओडोरिक त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला. हुतात्म्यांची ही हकिगत सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते यजमानांचं घर. पाहुण्यांकडे ऑगस्टीन आणि ग्रेगरीची शिकवण, यजमानांकडे इवाग्रियसच्या सुरियानी वाटेची. हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या दोन चुलत शाखा ठाण्यात एका छपराखाली झोपल्या.

पोर्तुगीज या सगळ्यानंतरचे. त्यांनी आणलेली नवी गोष्ट म्हणजे हिशेबाची सक्ती. २५ नोव्हेंबर १५५१ला ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवलं की गंभीर पापं झाडून सगळी सांगायची, अगदी मनातल्या मनात शेवटच्या दोन आज्ञा मोडल्या असतील तर त्याही. कारण उघड पापांपेक्षा ही कधीकधी जास्त घातक. कॅथलिक मोजणीत परस्त्रीचा लोभ आणि परधनाचा लोभ अशा या दोन वेगळ्या आज्ञा, नववी आणि दहावी. पुढे आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मोजणीत दोन्ही मिळून एकच. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या परंपरेत ट्रेंटचा हा नियम आजही लागू आहे. त्याच धर्मसभेने १५४६ला ल्यूथरच्या विरोधात सांगितलं होतं की बाप्तिस्म्यानंतर उरणारी वासना ओढ लावते, पण ती स्वतः पाप नव्हे. गंभीर पापाला पूर्ण जाणीव आणि मनापासून संमती लागते. म्हणजे इवाग्रियसचाच नियम, कायद्याच्या भाषेत.

१९८८ साली महाराष्ट्रात सिरो-मलबार मंडळीचा एक धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याला नाव मिळालं कल्याणचं. केरळातून कल्याण-डोंबिवलीला आलेल्या कुटुंबांची ही मंडळी त्याच पूर्व-सुरियानी परंपरेतली. तिच्या उपासनेत अद्दाई आणि मारी यांची प्राचीन प्रार्थना आहे. कल्लियाना कोल्लमला नेऊ पाहणाऱ्यांशी मी वाद घालतो, पण कोल्लमच्या वाटेने आलेली ही माणसं ज्या मार अबाच्या मंडळीचा वारसा सांगतात, तिचा भारतातला बहुधा पहिला नोंदलेला बिशप आपल्या कल्याणचा होता, हे त्यांनीही आपल्या मुलांना सांगावं असं मला मनापासून वाटतं.