गंजिफातील हद्दपार सैन्ये

कोल्हापूरहून आंबोली घाट उतरून गेले की सावंतवाडी लागते. तिथल्या दशावतारी गंजिफाच्या १२० पानांत दहा अवतारांचे दहा रंग आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने 'ऐन-ए-अकबरी'त वर्णिलेल्या जुन्या खेळात मात्र बारा रंग व १४४ पाने होती. अश्वपती, गजपती, गढपती, अहिपती अशी ती जणू सैन्येच. अकबराने रंगांत फेरफार केले. पुढे रूढ झालेल्या ९६ पानांच्या मोगल गंजिफात मुकुट, तलवार, गुलाम, नाणी असे आठच रंग राहिले. गजपती-अहिपतींना डावात कुणी हरवले नव्हते; नव्या रचनेत त्यांना जागाच उरली नाही. वाङ्मयेतिहासातही पुष्कळ नावे वादात न हरता, केवळ पुढच्या आवृत्तीत न आल्याने गळतात. ही सैन्ये निदान एका नोंदीमुळे आपल्याला ठाऊक आहेत.