पितळी पुंगळ्यांची साठवण व संक्षारण

बंदुकीच्या काडतुसात गोळी, दारू आणि प्रायमर या तिघांना एकत्र धरून ठेवणाऱ्या पितळी नळकांड्याला पुंगळी म्हणतात. गोळी झाडल्यावर पुंगळी क्षणभर फुगते, नळीच्या मागील पोकळीला घट्ट चिकटते व तप्त वायूंना मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आक्रसून सुटी होते. हा लवचिकपणा शाबूत असेपर्यंत तीच पुंगळी पुनःपुन्हा भरून वापरता येते. अमेरिका व अन्य काही देशांत नेमबाज व शिकारी तसे करतात आणि त्यासाठी रिकाम्या पुंगळ्या वर्षानुवर्षे जपून ठेवतात. साठवणीत बिघडलेली पुंगळी झाडताना फुटल्यास वायू थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. म्हणून हा विषय केवळ चकाकीचा नाही.

धातू व त्याचे डाग

पुंगळ्यांच्या पितळात सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. हे पितळ लोखंडासारखे गंजून झडत नाही. हवेने ते प्रथम मंद तपकिरी होते. हा पातळ थर निरुपद्रवी असून काही अंशी धातूचे रक्षणच करतो. आंबट पदार्थ, घाम किंवा क्षार लागून राहिल्यास हिरवा जंगाल चढतो. कलई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, त्यामागेही हीच क्रिया आहे. कातडी पट्ट्यात दीर्घकाळ ठेवलेल्या काडतुसांवर जंगाल हमखास दिसतो, कारण कातडे कमावताना वापरलेली आम्ले त्यात उरलेली असतात. गुलाबी वा तांबूस ठिपके अधिक गंभीर समजावेत. तेथील जस्त निघून जाऊन सच्छिद्र, दुबळे तांबे मागे राहिलेले असते. मात्र पुंगळ्या तीव्र आम्लात फार वेळ बुडवल्यानेही पृष्ठभाग गुलाबी होतो, तेव्हा पुंगळी कशी धुतली होती हे आधी पाहावे.

पावसाळ्यात तडकणारी काडतुसे

सर्वांत घातक बिघाड रंगावरून ओळखू येत नाही, आणि त्याचा शोध हिंदुस्थानातील एका अनुभवातून लागला. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत व दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवला जाई. पावसाळा संपल्यावर अनेक पुंगळ्या, विशेषतः गोळीभोवती आवळलेल्या भागात, तडकलेल्या आढळत. या प्रकाराला इंग्रजांनी ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणजे ऋतुजन्य तडकणे असे नाव दिले. नावात ऋतू असला तरी दोष एकट्या ऋतूचा नव्हता. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याचा उलगडा केला : घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या पितळात उरलेला ताण, या दोहोंच्या संयोगाने तडे जात होते.

पितळी चकती साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी तयार होते. या ओढाताणीत धातू कठीण होतो आणि बाहेरून शांत दिसला तरी आतून ताणलेला राहतो. ओलाव्यात विरघळलेला अमोनिया हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने तांब्याशी संयुग बनवतो. हा हल्ला धातूच्या कणांमधील सीमांवर अधिक होतो व आतला ताण त्या सीमा उकलत नेतो. त्यामुळे फारसा धातू झिजलेला नसताना पुंगळी उभी चिरते. ताण किंवा अमोनिया यांपैकी एक नसेल, तर हा प्रकार घडत नाही.

उपायही यातूनच निघाला. घडवलेली पुंगळी माफक तापवून ताण उतरवणे, म्हणजेच अनुशीतन करणे, ही कारखान्यातील रीत झाली. अनेक लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक त्या तापवण्याचीच खूण आहे. नवखे लोक तिला डाग समजून घासत बसतात. पुन्हा वापरलेल्या पुंगळीची मान प्रत्येक फेरीत कठीण होत जाते, म्हणून तिचे अनुशीतन अधूनमधून करावे लागते. बूड मात्र कधीही तापवू नये. ते मऊ पडल्यास दाब सोसू शकत नाही. पडलेली चीर तापवून सांधत नाही.

साठवण

झाडलेल्या पुंगळीत दारूची राख असते. काळ्या दारूची राख ओलावा शोषते व तिच्यात गंधकाची संयुगे असतात, त्यामुळे अशा पुंगळ्या लवकरात लवकर साबणाच्या पाण्याने धुवाव्यात. जुन्या प्रायमरांत पारा असे. तो पितळात शिरून त्याला ठिसूळ करतो. अशी पुंगळी धुऊनही पुन्हा वापरण्याजोगी होत नाही.

डाग काढण्यास सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण पुरते. आपल्याकडे पितळेची भांडी लिंबाने व चिंचेने घासतात तीही आम्लाचीच करामत. नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून पुंगळ्या पूर्ण वाळवणे महत्त्वाचे, कारण प्रायमरच्या खोबणीत पाणी लपून राहते. अमोनिया असलेले पॉलिश चमक देते, पण वरील कारणास्तव ते वर्ज्य मानावे.

कोरड्या पुंगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. डबा खतांच्या पोत्यांजवळ, गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यालगत किंवा अमोनियायुक्त सफाईद्रव्यांच्या कपाटात ठेवू नये. गंधक असलेले रबरही जवळ नको. त्याने पितळ काळवंडते. उघड्या हातांनी हाताळलेल्या पुंगळ्या पुसूनच आत ठेवाव्यात.

वापरापूर्वी प्रत्येक पुंगळी भिंगाखाली पाहतात. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवल्यास चिरलेली बद्द वाजते. मडके विकत घेताना ते वाजवून पाहतात, तसेच हे. मात्र बारीक चीर या परीक्षेतून निसटते. निर्मितीच्या वेळी उरलेला ताण तपासण्यासाठी प्रयोगशाळेत नमुना मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवतात. ताण असल्यास पितळ थोड्याच वेळात तडकते. ही चाचणी नमुना नष्ट करणारी व विषारी असल्याने घरी करण्याजोगी नाही.

भारतात दारूगोळ्याची निर्मिती शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याखेरीज करता येत नाही.