चिखल्या, गोवा पावडर आणि बुटातलं नख

पाऊस लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो रत्नागिरीतल्याच एका कॉलेजच्या मुलानं व्हॉइस नोटवर पाठवला: "दादा, अंगठ्याचं नख पिवळं पडलंय, जाड झालंय, कडेनं भुगा पडतो. रीलवर कोणी व्हिनेगर सांगतं, कोणी व्हिक्स, कोणी लसूण. आजी म्हणते मेंदी लाव. खरं काय?"

आता आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, दवाखान्याचा नाही. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्या कोकणातून, गोव्यातून, थेट ब्राझीलपर्यंत जातो. तो कळला की यातला कुठला उपाय कशासाठी होता, हेही आपोआप कळतं. म्हणून आजचा भाग पायाच्या नखावर.

सुरुवात करू चिखल्यांपासून. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भाताच्या लावणीत माणूस दिवसभर गुडघाभर चिखलात. मग बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलते, खाज सुटते, आग होते. याला आपण चिखल्या म्हणतो. नावातच कारण सांगितलंय बघा.

गंमत म्हणजे हेच कारण सुश्रुतसंहितेत आहे. तिथे किरकोळ रोगांच्या यादीत, म्हणजे क्षुद्ररोगांत, 'अलस' नावाचा आजार येतो. वाईट चिखलाच्या स्पर्शानं बोटांच्या मधली जागा ओलसर होते, खाजते, जळजळते, असं त्याचं वर्णन आहे. उपाय काय? आधी आंबट कांजीनं पाय भिजवायचे, मग कडुनिंब, तीळ, हिराकस आणि सैंधव अशा वस्तूंचा लेप लावायचा. आजच्या रीलवरचं व्हिनेगर आणि ही कांजी, दोन्ही आंबटच की! म्हणजे तो 'नवीन हॅक' काही फार नवीन नाही.

त्याच यादीत नखाचाही आजार आहे: 'कुनख'. मार लागून बिघडलेलं, रूक्ष, काळपट, खरखरीत नख. पण इथे एक गोष्ट नीट ऐका. चिखल्यांना लेप सांगितलाय, आणि नखासाठी मात्र गरम पाण्यानं शेकून कापण्याची रीत सांगितलीय. बेचक्यातली कातडी आणि नख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वैद्यांना दिसलं होतं. आजच्या भागाची किल्ली हीच आहे, ती लक्षात ठेवा.

आता कोकणातल्या घरगुती उपायांकडे येऊ. लावणीच्या दिवसांत बायका तळपायाला, बोटांच्या मध्ये मेंदी थापायच्या, अजूनही थापतात. टाचेच्या भेगांना कोकम तेल, म्हणजे भिरंडेल. खाजेला करंजेल. काही जण बिब्बा किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. हे दोन्ही मात्र कातडी भाजून काढतात, त्यामुळे आजच्या भागातून तेवढे उचलू नका.

यातली मेंदी नुसती रंगासाठी नव्हती. तिच्यातलं रंगद्रव्य, लॉसोन, प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखतं. तसाच आपला तेरडा, गौरीच्या सणाला आपण ज्याची गौर मांडतो तो. तेरड्याच्या फुलांनी नखं रंगवायची रीत कोरियातही आहे, आणि तेरड्यात बुरशीला मारक अशी लॉसोनच्याच कुळातली द्रव्यं सापडली आहेत. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण नखावर तो त्याहून बराच जास्त टिकतो बरं का!

आणि मग टाकळा. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला उगवतो, आपण त्याची भाजी करतो. संस्कृतात याचं एक नाव 'दद्रुघ्न'. दद्रु म्हणजे नायटा. नायट्याला मारणारा तो दद्रुघ्न. त्याचं बी आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावायचं, ही जुनी पद्धत. या बियांत क्रायसोफॅनिक ॲसिड नावाचं द्रव्य असतं. हे नाव धरून ठेवा, कारण आता आपण मुंबईला चाललोय.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसं बोटीनं मुंबईला जातायत, गिरण्यांत लागतायत, एकेका खोलीत दाटीवाटीनं राहतायत. दमट हवा, घामानं भिजलेले कपडे, नायट्याला आणखी काय हवं? त्या काळात मुंबईत नायट्यावर एक पिवळट तपकिरी भुकटी विकली जायची. गोव्याहून यायची म्हणून तिचं नाव गोवा पावडर. कपड्याला लागली तर डाग जात नसे, डोळ्यात गेली तर डोळे सुजत. पण नायटा जायचा.

ही भुकटी नक्की कशाची, ते कोणाला माहीत नव्हतं. १८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी इंग्लंडमधल्या औषधशास्त्राच्या नियतकालिकात तिच्याबद्दल लिहिलं. पुढे १८७४ मध्ये कलकत्त्याचे डॉक्टर जोसेफ फेरर यांनी लिहिलं, आणि मग पार ब्राझीलमधून उत्तर आलं. बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी सांगितलं की अहो, ही तर आमची 'अरारोबा'! बाहियाच्या जंगलातल्या एका मोठ्या झाडाच्या खोडात फटी पडतात, त्यात ही भुकटी साठते. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात आली आणि इथे तिला गोव्याचं नाव मिळालं. काजूसुद्धा त्याच वाटेनं आला ना, तसंच.

लंडनमध्ये तिचं पृथक्करण झालं आणि नाव पुढे आलं: क्रायसोफॅनिक ॲसिड आणि त्याचं भावंड क्रायसारोबिन. म्हणजे ब्राझीलच्या झाडात आणि आपल्या टाकळ्याच्या बियांत एकाच कुळातली द्रव्यं निघाली! समुद्राच्या दोन टोकांना माणसांनी एकाच रोगावर, वेगवेगळ्या झाडांतून, जवळजवळ तेच औषध शोधलं होतं. पुढे १८७६ मध्ये लंडनचे बालमॅनो स्क्वायर यांना दिसलं की ही भुकटी सोरायसिसवरही चालते. तिच्यावरून १९१६ मध्ये जर्मनीत एक कृत्रिम औषध तयार झालं. त्याला डिथ्रॅनॉल म्हणतात आणि सोरायसिसवर ते आजही वापरलं जातं.

म्हणजे घरगुती उपाय सगळे थोतांड असतात असं नाही, हे कबूल करायला हवं. पण हे सगळे उपाय कशावर चालले? कातडीवर. मग नख?

इथे गोष्ट वळण घेते. नखात घर करणाऱ्या बुरशीचं नाव ट्रायकोफायटॉन रुब्रम. १९१० मध्ये आल्डो कॅस्टेलानी या डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं. ते तेव्हा सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत होते. ही मूळची आग्नेय आशिया आणि आसपासच्या उष्ण प्रदेशांतली, असं बहुतेक संशोधक मानतात. अनवाणी चालणाऱ्या लोकांत ती अंगावरच्या नायट्यासारखी दिसायची. मग तिथे बूट घालणारे सैनिक, अधिकारी, व्यापारी आले. बंद, ओल्या, गरम बुटात तिला पायाची बोटं मिळाली, तिथून नख मिळालं. विसाव्या शतकातली युद्धं आणि प्रवास यांतून ती जगभर पोचली. थोडक्यात, पायाच्या नखाची बुरशी हा बऱ्याच अंशी बुटाचा रोग आहे.

आता आपल्या आजोबांचा पाय आठवा. दिवसभर चिखलात, पण उघडा. संध्याकाळी घरी आलं की पाय धुऊन चुलीपाशी शेकायला बसायचे, कातडी कोरडी व्हायची. आणि आपला पाय? सकाळी भिजलेले बूट, तेच घालून कॉलेज, तेच घालून एसटी, रात्री बूट दाराआड, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ओले. मिरकरवाड्याच्या बंदरावर किंवा मासळीच्या कारखान्यात गमबूट घालून काम करणाऱ्यांचं तर विचारूच नका.

आजीचा उपाय आजीच्या पायासाठी होता. नखाची बुरशी नखाच्या पापुद्र्याखाली असते आणि वरून लावलेलं फार थोडं खाली पोचतं. मेंदीचं तेच, व्हिनेगरचं तेच. व्हिक्सवर २०११ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता. १८ माणसं, ४८ आठवडे रोज लावलं. ५ जणांचं नख पूर्ण बरं झालं, १० जणांना थोडा फरक पडला, ३ जणांना काहीच नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणजे अगदीच शून्य नाही, पण वर्षभर नेमानं लावून इतकंच.

डॉक्टरांकडेही बराच काळ फार काही नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिटफिल्डचं मलम आलं. बेन्झॉइक आणि सॅलिसिलिक ॲसिडचं, अजूनही मिळतं, आणि तेही कातडीसाठीच. पोटातून घ्यायचं पहिलं औषध ग्रिसिओफुल्विन. ते १९३९ मध्ये एका बुरशीतूनच वेगळं केलं गेलं, आणि नायट्यावर पोटातून चालतं हे १९५८ मध्ये आधी गिनिपिगवर दिसलं. पायाच्या नखासाठी ते वर्ष-दीड वर्ष घ्यावं लागे. टर्बिनाफिन १९९० च्या दशकात आलं, तेव्हा कुठे तीन महिन्यांच्या गोळ्यांवर काम येऊ लागलं. त्यानंतरही वाट बघावी लागते, कारण अंगठ्याचं नख महिन्याला दीड-दोन मिलिमीटरच वाढतं. पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. आज गावोगावी खरा 'घरगुती उपाय' मेंदी नाहीच. तो आहे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश. पण स्टेरॉइड कातडीची राखण ढिली करतं आणि बुरशी आत पसरते. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात हटवादी नायट्याची साथच आलीय. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच इंडिया! तिच्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन नीट चालत नाही. ती मुख्यतः जांघेत, अंगावर होते, आणि आता परदेशांतही सापडते. सरकारनं २०१८ मध्ये लावायची १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर काय चालतं ते आपण बघतोच.

एके काळी गोव्याचं नाव जगाच्या औषधांत गेलं होतं. आता आपल्या देशाचं नाव रोगात गेलंय. ते ट्यूब मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या हातून गेलंय.

तर व्हॉइस नोटवाल्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बेचक्यात चिखल्या असतील तर आजीची मेंदी लावायला हरकत नाही. पाय कोरडे ठेव, बुटाचे दोन जोड आलटून पालटून वापर, मोजे रोज बदल. नखाचं मात्र आधी निदान करून घे. जाड, पिवळ्या नखांपैकी जवळपास निम्म्यांतच बुरशी असते. बाकीची मार लागून, सोरायसिसनं किंवा आणखी कशानं झालेली असतात. त्वचेचे डॉक्टर नखाचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणी साधी आहे. गोळ्या सुरू करायच्या तर यकृताची चौकशी होते, म्हणून त्या स्वतःच्या मनानं नकोत. आणि घरात कोणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या नखावर ब्लेड, बिब्बा, लसूण, कसलेच प्रयोग करू नका. तिथे छोटी जखम चिघळून पायावर बेतू शकते.

तुमच्या घरात पावसाळ्यात पायाला काय लावतात? टाकळा, उंडीचं तेल, आणखी काही? नाव आणि गाव कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. तोवर पाय पुसा, बूट वाळवा, आणि ऐकत राहा.