‘फँड्री’ची समीक्षा : स्वप्न, दगड आणि एक शब्द

नागराज मंजुळे ह्यांचा पहिला कथापट ‘फँड्री’ २०१३ च्या मुंबई चित्रपट महोत्सवात दाखविला गेला व १४ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वत्र प्रदर्शित झाला. प्रदर्शनासाठी निवडलेला दिवस आणि अजय-अतुल ह्यांचे जाहिरातगीत (जे चित्रपटात नाहीच) ह्यांमुळे प्रेक्षक कोवळ्या प्रेमाची कथा पाहावयास गेला. ‘शाळा’ने (२०१२) तशी अभिरुची आधीच घडविली होती. समीक्षेनेही मग चित्रपटाचे दोन तुकडे पाडले : पूर्वार्धातील स्वप्न आणि उत्तरार्धातील वास्तव.

ही विभागणी सोयीची असली तरी ग्राह्य वाटत नाही. काळ्या चिमणीची राख शालूवर टाकली की ती वश होईल, ह्या समजुतीने जब्या रानोमाळ हिंडतो. हे स्वप्न वयाचे खरेच. परंतु ज्याला सरळ बोलण्याची वाटच बंद आहे त्यालाच राखेचा आधार शोधावा लागतो. जात येथे उत्तरार्धात प्रवेश करीत नाही, ती स्वप्नाच्या घडणीतच आहे.

अखेरच्या दगडावर मात्र पुष्कळ लिहिले गेले. श्याम बेनेगल ह्यांच्या ‘अंकुर’शी (१९७४) केलेली तुलना योग्यच होय, तोही पहिलाच चित्रपट. तेथे मुलाचा दगड जमीनदाराच्या खिडकीची काच फोडतो, येथे तो कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. ह्या प्रसंगाचे तेज एवढे, की चित्रपटाच्या नावाकडे समीक्षकांनी एका वाक्यापलीकडे पाहिले नाही.

‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. कैकाडी ही द्राविड कुळातील भाषा. तमिळमधील ‘पन्ऱि’, तेलुगूतील ‘पंदि’ व कन्नडमधील ‘हंदि’ ही ह्या शब्दाची भावंडे. मूळच्या पकाराचा कन्नडमध्ये हकार झाला, आणि कैकाडीतील फकार त्या दोहोंच्या मधल्या पायरीवर उभा दिसतो. अशा प्राचीन कुळातला, घरात साधा जनावराचे नाव असलेला हा शब्द गावातील पोरांच्या तोंडी जब्याला हिणविण्याची शिवी होतो. घरची भाषाच त्याच्यावर उलटते. हा आघात मला दगडाहून कमी वाटत नाही.

दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार ‘फँड्री’ला मिळाला. लक्ष्मण माने ह्यांच्या ‘उपरा’ने (१९८०) कैकाडी जीवन मराठी वाचकांपुढे आणले, त्या ग्रंथाचे नाव मराठीच होते. २०१४ मध्ये चित्रपटगृहाच्या पाटीवर कैकाडी शब्द आला, आणि त्याचा अर्थ मराठी माणसाला विचारून घ्यावा लागला.