बाराफुटी फायरफ्लाय

शिडाच्या होड्यांची शर्यत म्हटली की ती धनिकांची हौस असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. या समजुतीला इतिहासाचा आधारही आहे. नामांकित आराखडाकाराकडून खास आराखडा करून घ्यावा, निष्णात कारागिरांकडून एकेक फळी जोडून होडी बांधून घ्यावी आणि मग स्पर्धेत उतरावे, अशी इंग्लंडात पद्धत होती. अशा शर्यतीत विजय खलाशाचा की त्याच्या थैलीचा, हा प्रश्न उरतच असे. या प्रश्नाला ज्या एका लहानशा लाकडी होडीने उत्तर दिले, तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

या होडीचा जनक उफा फॉक्स. 1928 साली त्याने ‘अ‍ॅव्हेंजर’ नावाची चौदा फुटी होडी बांधली. तोपर्यंतच्या होड्या पाणी कापीत जात. फॉक्सची होडी मात्र वारा भरात आला की नाक उचलून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरत धावे. त्या मोसमातील 57 शर्यतींपैकी 52 तिने जिंकल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात हाच फॉक्स विमानातून हवाई छत्रीने समुद्रात सोडावयाच्या जीवरक्षक नौका तयार करीत होता.

युद्ध संपले आणि विमानांच्या कारखान्यांपुढे उद्याचा प्रश्न उभा राहिला. फेअरी ही विमाने बांधणारी कंपनी. तिच्या नौकाशाखेने साउदॅम्प्टनजवळच्या हॅम्बल येथे फॉक्सच्या आराखड्यावरून 1946 पासून बाराफुटी होड्या बनविण्यास प्रारंभ केला. फेअरीच्या एका लढाऊ विमानाचे ‘फायरफ्लाय’, म्हणजे काजवा, हे नाव या होडीलाही मिळाले.

तिची घडण पाहण्याजोगी होती. एका साच्यावर बर्च लाकडाच्या पातळ पट्ट्या तिरप्या बसवावयाच्या, त्यांवर सरस लावून दुसरा थर उलट दिशेने तिरपा रचावयाचा, मग तिसरा. आणि हे सारे रबरी आवरणात घालून मोठ्या बंद भट्टीत वाफेच्या उष्णतेने व दाबाने एकजीव करावयाचे. युद्धकाळात विमानबांधणीने लाकडाला जी विद्या शिकविली, ती आता खेळाच्या कामी आली. फळ्यांचे सांधे गेले आणि होडी हलकी व बळकट झाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकाच साच्यातून निघालेल्या होड्या जवळजवळ सारख्या निपजू लागल्या. आता हार झाली तर होडीला बोल लावण्याची सोय राहिली नाही.

या समानतेची कसोटी 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लागली. खाशाबा जाधवांनी ज्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावा क्रमांक मिळविला, तेच हे ऑलिंपिक. नौकाशर्यती मात्र दूर डेव्हन परगण्यातील टॉर्की येथे झाल्या. एकट्याने होडी हाकण्याच्या स्पर्धेसाठी फायरफ्लायची निवड झाली होती. वास्तविक ही दोघांची होडी. मोठे शीड, पुढचे शीड आणि सुकाणू एकट्याने सांभाळावयाचे म्हणजे जोराच्या वाऱ्यात मोठीच कसरत. डेन्मार्कचा वीस वर्षांचा पॉल एल्व्हस्ट्रम याने पहिल्याच शर्यतीत माघार घेतली. एकूण शर्यती सात. त्यांतील सर्वांत वाईट निकाल वगळण्याची मुभा होती. त्याने धीर सोडला नाही. अखेरच्या दोन्ही शर्यती जिंकून त्याने सुवर्णपदक पटकाविले, आणि पुढे 1952, 1956 व 1960 मध्ये फिन जातीच्या होडीत आणखी तीन सुवर्णपदके मिळविली. 1952 पासून एकट्याच्या शर्यतीतील फायरफ्लायची जागा याच फिनने घेतली होती.

पण फायरफ्लायचे आयुष्य ऑलिंपिकबरोबर संपले नाही. विद्यापीठांतील तरुणांनी ती आपलीशी केली. पुढे काचतंतूंच्या होड्या आल्या. तरीही त्या काळच्या लाकडी होड्यांपैकी काही ब्रिटनमध्ये अजून शर्यतीत उतरतात. तशी होडी बाळगणे म्हणजे एक व्रतच होय. लाकडाचा वैरी समुद्र नव्हे. तळाशी साचून राहिलेले पावसाचे पाणी हा त्याचा खरा वैरी. वार्निशला बारीक चीर गेली की ओल आत शिरते, थर सुटू लागतात, लाकूड कुजते. आणि कुजण्यापूर्वीच ते पाणी पिऊन जड होते. शर्यतीत तर शेराशेराचा हिशेब! म्हणून जाणता मालक होडी पुसून कोरडी करतो, तिला झाकतानाही आत वारा खेळता ठेवतो, आणि हिवाळ्यात जुने वार्निश घासून नवे हात देतो.

साच्याने सर्वांना सारखी होडी दिली. ती सारखी राखण्याचे काम मात्र साच्याला करता आले नाही. आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांची फायरफ्लाय नव्या होड्यांच्या बरोबरीने वळसा घेते, तेव्हा तिच्या वेगात शीड धरणाऱ्या हातांइतकाच, गेली कित्येक वर्षे तिला पुसून कोरडी ठेवणाऱ्या हातांचाही वाटा असतो.