विंचवाचं बिऱ्हाड आणि त्याची चूल

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो खरं, पण विंचवाला चहा लागत नाही. माणसाला लागतो, आणि तिथेच सगळा घोळ सुरू होतो.

इथे इंग्लंडात आम्ही एक जुनी कॅरव्हॅन घेतली त्याला आता तीन उन्हाळे झाले. गाडीच्या मागे जोडायची, एखाद्या गावाबाहेरच्या कॅम्पसाइटवर नेऊन लावायची आणि चार दिवस राहायचं, एवढाच कार्यक्रम. यंदा आई पुण्याहून येते आहे आणि तिला स्कॉटलंड बघायचं आहे. कॅरव्हॅनमधली गॅसची शेगडी थोडी कुरकुरायला लागली आहे, म्हणून तिच्याऐवजी एक सुटी इंडक्शन शेगडी घ्यावी असा विचार निघाला. काम खरं तर अर्ध्या तासाचं. पण मला सवय अशी, की कुठलीही वस्तू घेण्याआधी ती आली कुठून हे शोधत बसायचं. बायकोच्या मते वस्तू न घेण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग आहे. असो. या वेळी मात्र त्या शोधाशोधीचा उपयोग झाला, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पूर्वी प्रवासात चूल बरोबर नेतच नसत. पीठ, मीठ, दोन भांडी न्यायची. मुक्कामाला तीन दगड मांडायचे, काटक्या गोळा करायच्या, की झाली चूल. बंजाऱ्यांच्या तांड्यापासून पंढरीच्या दिंडीपर्यंत सगळ्यांची रीत तीच. सकाळी निघताना दगड तिथेच सोडून द्यायचे. रान फुकट लाकूड देत होतं तोवर हे छान चाललं. पण पाऊस लागला, रान संपलं किंवा मुक्काम शहरात पडला, की पंचाईत. तेव्हा विस्तवच बरोबर न्यायला हवा, आणि तो न्यायचा तर त्याचं खाद्यही न्यायला हवं.

युरोपात या प्रश्नावर डोकं लढवणाऱ्यांत एक मजेशीर माणूस भेटतो. आलेक्सिस सोयर, लंडनच्या रिफॉर्म क्लबचा फ्रेंच मुख्य आचारी. त्याने १८४९ मध्ये 'मॅजिक स्टोव्ह' नावाची स्पिरिटवर चालणारी शेगडी बाजारात आणली. जेवणाच्या टेबलावर मावेल एवढी, आणि सहज उचलून कुठेही नेता येईल अशी. पुढे १८५५ मध्ये क्रिमियन युद्धात सैनिकांच्या जेवणाचे हाल ऐकून हा गृहस्थ स्वतः तिकडे गेला आणि सैन्यासाठी थोड्या जळणात भरपूर शिजवणारी मोठी शेगडी त्याने करून दिली. तिच्या सुधारलेल्या पिढ्या ब्रिटिश सैन्यात थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकल्या.

मग १८८५ साल. डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे आरमारातले निवृत्त सर्जन आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून एक देखणी घोडागाडी बांधून घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'वाँडरर'. भरल्यावर वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे, बरोबर एक कुत्रा आणि एक पोपटसुद्धा! इंग्लंडच्या दक्षिणेतल्या ट्वायफर्डहून निघून ही स्वारी स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेली. त्याआधी चाकांवरच्या घरात राहायचे ते जिप्सी आणि सर्कसवाले, पोटासाठी. निव्वळ हौसेखातर असं घर बांधून फिरणारा पहिला माणूस म्हणून स्टेबल्स यांचंच नाव घेतात. १९०७ मध्ये इथे कॅरव्हॅन क्लब निघाला, तेव्हा त्यांना उपाध्यक्ष केलं होतं. त्यांच्या गाडीत स्वयंपाकाला रिपिंगिलचा तेलावर चालणारा स्टोव्ह होता. म्हणजे गंमत बघा, लाकूड शोधण्यातून सुटका झाली, पण तेलाचा डबा सांभाळणं आलं. घोड्यांना वैरण, तशी स्टोव्हला तेल.

आणि आता तो, ज्याचं नाव काढल्याबरोबर माझ्या वयाच्या मंडळींच्या नाकात वास आणि कानात आवाज येईल. प्रायमस! स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये वातीशिवाय चालणारा हा स्टोव्ह आणला. टाकीत रॉकेल, पंपाने दाब द्यायचा, आधी स्पिरिटने डोकं तापवायचं. तापल्या नळ्यांत रॉकेलची वाफ होते, बारीक छिद्रातून ती जोरात बाहेर पडते, हवेत मिसळते आणि काजळी न धरता निळी जळते. या साध्या युक्तीने तो जगभर गेला. आमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो प्रायमस बरोबर घेऊन. २९ मे १९५३ च्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तंबूत हिलरीचे बूट गोठून दगड झाले होते. ते प्रायमसवर धरून मऊ केले, तेव्हा कुठे तो आणि तेनझिंग निघू शकले. बर्फ वितळवून प्यायचं पाणी करायलाही तोच.

आणि तोच आपल्याकडे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, ओट्याखाली. पहाटे आईने काकडा पेटवायचा, पंप मारायचा, मग भर्र आवाज सुरू झाला की घर जागं. छिद्र तुंबलं की पिन मारायची. हे पिन मारणं घरातल्या पोराटोरांचं काम, आणि 'पिन मारणे' हा वाक्प्रचारही बहुधा तिथूनच आपल्या बोलण्यात आला असावा. कुठे परगावी लग्नाकार्याला किंवा देवदर्शनाला जायचं, तर स्टोव्ह पोत्यात बांधून एसटीच्या टपावर चढायचा. बिऱ्हाड खरोखर पाठीवर.

पण या स्टोव्हची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही ओळ वर्तमानपत्रात वाचत आमची पिढी मोठी झाली. काही अपघात खरेच अपघात होते. दाबाखालचं रॉकेल, जमिनीवरचा स्टोव्ह आणि पाचवारी साडी, हे एकत्र आलं की निमित्ताला वेळ लागत नाही. आणि पुष्कळदा स्टोव्ह हे नुसतं सांगायचं कारण असे. देशभर स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये सासरच्या छळाविरुद्ध ४९८-अ कलम आलं आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. (२०२४ पासून ही कलमं भारतीय न्याय संहितेत गेली आहेत.) ज्योतीची जी भीती आपल्या घरांतून आहे, तिच्यामागे एवढा इतिहास आहे. तेव्हा 'ज्योत नसलेली शेगडी' हे शब्द माझ्या आईच्या पिढीला नुसते सोयीचे वाटत नाहीत, सुटकेचे वाटतात.

मधला टप्पा गॅसचा. इथे कॅलॉर गॅस १९३५ मध्ये सुरू झाला आणि हळूहळू बाटलीतला गॅस कॅरव्हॅनमध्ये शिरला. अजूनही बहुतेकांची शेगडी तीच. पण त्याचीही बंधनं आहेतच. हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून कॅरव्हॅनच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. ती गार वारा येतो म्हणून बुजवायची नाहीत! बंद खोलीत ज्योत जळली की कार्बन मोनॉक्साइडचा धोका, म्हणून खिडकी उघडी आणि धोक्याची घंटा वाजवणारं यंत्र चालू हवं. शिवाय निळ्या बाटलीतला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच नाकारतो. थंडीत लाल बाटलीतला प्रोपेन लागतो.

आता इंडक्शन. तिचं बीज याच देशात पडलं. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारा गुंडाळून दाखवून दिलं, की चुंबकीय क्षेत्र बदललं की शेजारच्या तारेत वीज वाहते. शेगडीत काचेखाली तारेचं वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलते आणि भांड्याच्या बुडात प्रवाह उठवून ते बूडच तापवते. म्हणजे शेगडी तापत नाही, भांडं तापतं. काच जी गरम लागते ती भांड्याच्या संगतीने. अमेरिकेत वेस्टिंगहाउसने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी शेगडी विकायला काढली, पण ती बेताच्या खिशाची नव्हती. ती स्वस्त आणि लहान झाली त्यामागे एक बारकासा भाग आहे, आयजीबीटी नावाचा, मोठी वीज झपाट्याने चालू-बंद करणारा. तो घडवण्यात मोठा वाटा जयंत बालिगा यांचा. चेन्नईत जन्मलेले, मद्रास आयआयटीचे विद्यार्थी, पुढे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये संशोधक. २०२४ मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. बातमी आपल्याकडे किती घरांत पोहोचली कोण जाणे, त्यांचं काम मात्र कितीतरी ओट्यांवर पोहोचलं आहे.

तर सांगायचा मुद्दा असा. प्रत्येक शेगडीने प्रवाशाला एका खुंट्यावरून सोडवलं आणि दुसऱ्याला बांधलं. चूल रानाला, प्रायमस रॉकेलच्या डब्याला, गॅस बाटलीला आणि इंडक्शन कॅम्पसाइटच्या विजेच्या खांबाला. शेगडी निवडायची म्हणजे आपल्याला कुठल्या खुंट्याला बांधून घेणं परवडेल ते ठरवायचं.

हे कळल्यावर दुकानातले आकडे वाचता यायला लागले. कॅम्पसाइटवर कुठे १६ अँपियर मिळतात, कुठे १०, तर जुन्या ठिकाणी सहाच. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १,३८० वॅट. तिथे दोन हजार वॅटची शेगडी पूर्ण जोरात लावली की खटका पडलाच. म्हणून जिची कमाल शक्ती आपल्याला आधीच बांधून ठेवता येते, ती घ्यावी. शिवाय पुष्कळ स्वस्त शेगड्या मंद आच म्हणून काय करतात, तर पूर्ण जोरात पेटतात, बंद होतात, पुन्हा पेटतात. वरणाला चालेल, दूध मात्र उतू जाईल, आणि खांबावरचा भार कमी होतच नाही. बॅटरीवर चालवू म्हणाल, तर ११० अँपियर-तासांच्या साध्या बॅटरीतून निम्मी वीज वापरावी, म्हणजे साडेसहाशे वॅट-तास. हजार वॅटवर वीस मिनिटांची खिचडी त्यातली निम्मी खाऊन टाकते.

आणि आपल्या स्वयंपाकाचे प्रश्न वेगळेच. बुडाला चुंबक चिकटलं तर भांडं चालेल. ॲल्युमिनियमचा कुकर घरीच ठेवायचा. बिडाचा तवा उत्तम, पण वेटोळं लहान असेल तर भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. फोडणीची कढली इतकी लहान की शेगडीला ती दिसतच नाही. भांडं ठेवा म्हणून ती पिप् पिप् करत बसते. फुलका ज्योतीवर टाकायचा नाही, पापड भाजायचा नाही, भरिताचं वांगं तर विसराच.

एवढं सगळं जुळवून यादीत एकच शेगडी उरली. आता खरी अडचण. आईच्या छातीत दोन वर्षांपासून पेसमेकर आहे. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा सल्ला असा, की पेसमेकर आणि चालू इंडक्शन शेगडी यांत निदान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर ठेवावं. तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. घरच्या मोठ्या ओट्यापाशी हे जमतं. कॅरव्हॅनमध्ये दोन फूट मागे सरकलं की पाठीला पलंग लागतो, आणि शेगडीवर वाकून ढवळायचं तर दोन फूट राहणार कुठून?

फोनवर तिला म्हटलं, आई, तू काही करू नकोस, आम्ही करू सगळं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "म्हणजे महिनाभर मी पाहुणी?" चाळीस वर्षं पहाटे काकडा पेटवून घर जागं करणाऱ्या बाईला ज्योतीच्या भीतीतून सोडवणारी शेगडी शेवटी मिळाली, ती नेमकी तिलाच दोन फूट लांब उभी करणारी.

शेवटी ठरलं ते असं. आतली गॅसची शेगडी काढायची नाही. इथल्या जाणत्या माणसाकडून ती तपासून दुरुस्त करून घेतली, रबरी नळी बदलली, घंटेचं यंत्र नवं बसवलं आणि स्कॉटलंडसाठी लाल बाटली भरून ठेवली. ती आईची. खिडकी उघडी ठेवायची एवढी एकच अट. फुलके, पापड आणि सकाळचा चहा तिच्याकडे. इंडक्शन शेगडीही घेतली, पण ती बाहेर, कॅरव्हॅनच्या छत्रीखालच्या कोरड्या टेबलावर राहणार. ती माझी. वरण-भात आणि भाज्या माझ्याकडे.

आईची घडीची खुर्ची टेबलापासून किती लांब ठेवायची, ते मोजून पायाखालच्या चटईवर खडूने रेघ ओढायची असं ठरलं आहे. बायको म्हणते, सूचना रेघेच्या या बाजूलाही पोहोचतील.